हवालदार कोंडीबा आणि बिराप्पाचं घोंगडं

कोंडीबा हवालदाराच्या संशयी स्वभावाचं मूळ एका नाटकात होतं, असं सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पण खरं तेच होतं.

कोंडीबा मूळचा सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातल्या एका उघड्याबोडक्या गावचा. तो लहान असताना गावच्या जत्रेत सांगलीची एक नाटक कंपनी उतरली होती. कनातीचं थिएटर, गॅसबत्त्यांचा सूं सूं आवाज, पायपेटीचे सूर, आणि समोर धुळीत मांडी घालून बसलेलं अख्खं गाव. शेवटच्या अंकात राजाचा खून झाला. काय मरण होतं ते! राजा पडला, उठला, राणीकडं हात केला, पुन्हा पडला, आणि आता गेला म्हणेपर्यंत मान वर करून आणखी दोन वाक्यं बोलून मग गेला. बायकांचे पदर भिजले. पाटलांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. पोरगेला कोंडीबाही हमसून रडला. पण तो नुसता रडून थांबला नाही. राजाला आता कुठं नेतात ते बघावं म्हणून तो मागच्या अंगाला गेला आणि कनात उचलून त्यानं आत डोकं घातलं. आत मेलेला राजा ट्रंकेवर बसून विडी ओढत होता, आणि त्याच्या विडीला काडी लावत होता तो खुद्द खुनी!

ज्यांनी तोंडाला रंग लावून जन्म काढला, त्यांना यात नवल वाटायचं नाही. मरण हे काम. काम झालं की विडी लागते. पण त्या पोराच्या मनात त्या दिवशी जे मोडलं ते मोडलंच. पुढं आयुष्यात कुणी समोर रडायला लागलं की कोंडीबा आधी बघायचा, कनात कुठून उचलता येईल.

असा माणूस काही वर्षं पलटणीत काढून पोलिसात आला आणि तुरुंगाच्या दारावर उभा राहिला, म्हणजे भूमिका अंगावर बेतूनच शिवलेली. १९७४ साली तो सांगली जिल्ह्यात, जतच्या वाटेवरच्या एका तालुक्याच्या गावी सब-जेलच्या पहाऱ्यावर होता. गावाचं नाव राहू द्या. मामलेदार कचेरीच्या आवारात दगडी कोठड्या, मधे फरशीचा चौक, चौकात पाण्याचा हौद आणि समोरच्या अंगाला कोर्ट. कच्च्या कैद्यांना घरची भाकरी आणून द्यायची मुभा असे, आणि ती भाकरी कोंडीबाच्या हातातून आत जाई. आत जाईपर्यंत तिचा पार चुरा झालेला असे. कालवणात तो बोट बुडवी. कांदा चिरून बघे. मागं एकदा भरल्या वांग्यात त्याला गांजा सापडला होता. तेव्हापासून घरीसुद्धा त्यानं भरलं वांगं खाल्लं नाही.

"आवं, मी केल्यात ती," त्याची बायको बनाबाई म्हणायची.

"म्हनूनच," कोंडीबा म्हणायचा.

"चोरांच्या संगतीत ऱ्हाऊन तुमास्नी सगळी दुनिया चोर दिसाय लागली. एक दिस आरशात बघून सोताचीच झडती घ्याल."

अशा या कोंडीबाच्या ताब्यात त्या हिवाळ्यात बिराप्पा आला.

बिराप्पा जतकडचा धनगर. कानडी-मराठीच्या सीमेवरचा, आईला 'आव्वा' म्हणणारा. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या मेंढरांचा निम्मा कळप गेला, आणि ज्या हातांनी काठी फिरवली ते हात दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. दिवसभर घण मारून अंग असं ठणकायचं, की कुणीतरी त्याला सुपारीच्या खांडाएवढी अफू दिली. ठणका थांबला. पाऊस आला, गवत आलं, खडी सुटली; अफू सुटली नाही. घरची मेंढरं एकेक करून बाजाराला गेली. शेवटी त्यानं दुसऱ्याच्या कळपातली दोन कोकरं उचलली आणि विकताना सापडला. धनगरानं धनगराची कोकरं चोरायची, याहून खाली उतरायला पायरी नाही. कोर्टात त्यानं मान वर न करता गुन्हा कबूल केला.

मॅजिस्ट्रेट होते जयपाल मगदूम. कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. पण बोलले की पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटावा अशी शांतता पसरायची. त्यांनी बिराप्पाकडं बघितलं. त्याचं नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, गुडघे थरथरत होते. साहेबांनी शिक्षा सांगितली नाही. ते म्हणाले, "याला औषधोपचार झाला पाहिजे."

पोलिसांचे वकील उभे राहिले. "साहेब, गुन्हा कबूल आहे. शिक्षा व्हावी. कोर्ट म्हणजे दवाखाना नव्हे. कैद्याला औषध द्या असा हुकूम करायचा अधिकार कुठल्या कलमात आहे?"

"याला मी तुरुंगात ठेवू शकतो ना?"

"हो, साहेब."

"तिथं तापानं फणफणला, तर डॉक्टर बोलवावा लागेल?"

"लागेल."

"मग हा ताप नाही, असं सांगणारं कलम दाखवा. मी हुकूम मागं घेतो."

फौजदारी कायद्याची नवी संहिता त्याच वर्षी लागू झाली होती. पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. वकीलसाहेब ती सोडवत राहिले आणि इकडं मगदूम साहेबांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. आरोपीला संक्रांतीनंतरच्या तारखेपर्यंत सब-जेलमध्ये ठेवावं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासून औषध द्यावं. तारखेला त्यांनी अहवाल द्यावा. सवय तुटली असेल, तर चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर आरोपी घरी जाईल. नसेल, तर सक्तमजुरी. आणि या मुदतीत बाहेरची अफू त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. त्याची जबाबदारी पहाऱ्यावरच्या हवालदारावर.

कोर्टाच्या मागच्या भिंतीला टेकून एक म्हातारी उभी होती. कपाळाला हळद, हातात काठी. बिराप्पाची आई, राहीबाई. तिनं शेजारच्या माणसाला विचारलं, "काय म्हनला सायब?"

"तुज्या पोराला सरकार औषिद देनार हाय."

"फुकट?"

"फुकट."

राहीबाईचा चेहरा उतरला. फुकट औषध कोण कुणाला देतं? सक्तमजुरी तिला कळत होती. माणूस जातो, राबतो, येतो. औषध कळत नव्हतं. एकुलता एक मुलगा, घरी उरलेली चार मेंढरं, आणि आता सरकार त्याला रोज काहीतरी पाजणार.

खरं सांगायचं तर कोंडीबालाही तो हुकूम पटला नव्हता. घरी आल्या आल्या त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "ह्यात कायतरी गोम हाय. चोराला औषध! उद्या म्हनतील, गाद्या घाला."

"आसंल एकांदा सायब दयावान," बनाबाई म्हणाली.

"दया आपल्या पगारातनं करत्यात. हितं जबाबदारी माजी."

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याचा कंपाउंडर नानासो सायकलवरून औषध घेऊन यायला लागला. गोल चेहऱ्याचा, शीळ घालणारा माणूस. पिशवीतून तपकिरी बाटली काढायचा, झाकणात माप ओतायचा, बिराप्पाच्या तोंडात घालायचा आणि शीळ घालत परत जायचा. कोंडीबाला ती शीळ आवडली नाही. इतका आनंदी माणूस सरकारी नोकरीत कसा?

"काय हाय ह्यात?"

"औषध."

"ते कळलं. कसलं?"

"हवालदार, तुमच्यापुढं बाटली धरतो. घ्या चव."

नानासोनं थट्टा केली होती, पण कोंडीबानं खरंच बोट बुडवून चाटलं. कडूजहर. सगळी दुपार तो स्वतःची नाडी धरून बसला. घरी जाऊन बनाबाईला म्हणाला, "माजं डोळं बघ बरं. तांबडं झाल्यात?"

"भूक लागलीया तुमास्नी. हात धुवा."

पहिले काही दिवस बिराप्पाचे फार वाईट गेले. पोटात कळा यायच्या, पायाच्या पोटऱ्या पिळवटायच्या. भिंतीला पाठ घासत तो ओरडायचा, "हवालदारसाहेब, मारा मला! न्हाईतर थोडी आना!" कोंडीबा गजाबाहेर उभा राहून त्याच्याकडं टक लावून बघायचा. सोंग आहे का? घाम खरा होता. उलटी खरी होती. पण राजाचं रक्तही लांबून खरंच दिसलं होतं की.

राहीबाई गावातच एका ओळखीच्या धनगराकडं उतरली होती. ती रोज भाकरी घेऊन यायची. मुलाची ती दशा गजातून बघायची आणि दाताखाली पदर धरायची. मग थंडी वाढली तशी ती गावाकडं जाऊन एक घोंगडं घेऊन आली. कोरं, काळंभोर, चिंचोक्याची खळ दिलेलं, असं कडक की उभं केलं तर उभं राहील.

कोंडीबानं ते उन्हात धरलं, झटकलं, काठ चाचपले, एकेक शिवण दाबली. हुंगलं. लोकर आणि खळीचा उग्र वास.

"थंडीनं मरंल बाबा त्यो," राहीबाई म्हणाली.

"जाऊ दे आत," कोंडीबा म्हणाला.

आणि बिराप्पा शांत झाला.

एकाएकी, जसा वारा पडावा तसा. ओरडणं थांबलं, जेवण जायला लागलं, रात्री झोप लागायला लागली. डॉक्टर येऊन बघून गेले आणि खूष झाले. नानासोची शीळ वाढली. मगदूम साहेब एकदा कोर्टातून घरी जाताना चौकात डोकावले, घोंगडं पांघरून उन्हाला बसलेला बिराप्पा बघितला आणि काही न बोलता मान हलवून गेले.

एकटा कोंडीबा खूष नव्हता. आजारी माणूस बरा व्हावा, पण इतक्यात? त्यानं भाकरीचा चुरा आणखी बारीक केला. पिठल्यात पळी घातली. पाण्याचा तांब्या ओतून बघितला. काही सापडेना. सापडेना तसा संशय वाढत गेला. शेवटी एका सकाळी त्यानं राहीबाईला दारातच अडवलं.

"म्हातारे, खरं सांग. पोरगं इतक्यात निवांत कसं झालं?"

"औषिदाचा गुन म्हना की."

"तुजा इस्वास हाय व्हय औषधावर?"

राहीबाईनं भाकरीचं फडकं नुसतं पुढं केलं.

माणमधला माणूस, धनगरांच्या शेजारानंच वाढलेला. तो कोर्टावर विश्वास ठेवत नव्हता, डॉक्टरवर नव्हता, बायकोच्या वांग्यावर नव्हता. पण बिरोबाचा भंडारा हातात घेऊन धनगर खोटं बोलत नाही, हे त्यानं लहानपणापासून बघितलं होतं. जमिनीचे तंटे त्या एका चिमूटभर हळदीवर मिटलेले बघितले होते.

"कनवटीला भंडारा हाय न्हवं? काढ. हातात घे, आन् सांग, तुज्या भाकरीत, कालवणात आफू हाय का न्हाई."

राहीबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. चिमूट कपाळाला लावली आणि मूठ मिटून छातीशी धरली. हात जरासुद्धा कापला नाही.

"बिरोबा बगतुया. माज्या भाकरीत न्हाई, कालवनात न्हाई, तांब्याच्या पान्यात न्हाई. आसंल तर माज्या मेंढरांस्नी रोग येऊ दे."

कोंडीबानं लांब श्वास सोडला. त्या दिवशी त्यानं भाकरी न मोडता आत दिली. गजामागं बिराप्पा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. भाकरी हातात घेऊन तो कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी कोंडीबानं बघितलं, बिराप्पा हौदावर घोंगडं धूत होता. नुसता भिजवत नव्हता. दगडावर आपटत होता, पायानं तुडवत होता, पिळून पुन्हा भिजवत होता. फरशीवरून चिकट गढूळ पाणी वाहत होतं.

"आरं आरं! नवं घोंगडं धुतोस व्हय? खळ जाईल की."

"वास मारत हुतं."

धनगराला घोंगड्याचा वास आला! कोंडीबानं कान टवकारले. त्यानं ओलं घोंगडं ओढून घेतलं, काठ उसवायचे तेवढे बाकी ठेवले, हौदाच्या मोरीत हात घातला. काही सापडलं नाही. नुसतं ओलं लोळागोळा घोंगडं. त्यानं ते दोरीवर टाकलं आणि मिशीवरून हात फिरवत राहिला.

त्याच दिवसापासून बिराप्पा पुन्हा कोसळला. पुन्हा घाम, पुन्हा कळा, पुन्हा भिंतीला पाठ. या वेळी मात्र तो ओरडला नाही. काही मागितलंही नाही. दात आवळून, वाळलेल्या त्या घोंगड्याची मोट करून पोटाशी धरून पडून राहिला. राहीबाईला तो भेटेनाच. आतूनच "जा आव्वा" म्हणायचा. डॉक्टरांना उलगडा होईना. बरा झालेला माणूस पुन्हा त्याच दुखण्यात कसा? त्यांनी औषध वाढवलं, दोन वेळा येऊन बघू लागले.

कोंडीबाला मात्र उलगडा झाला. मधे याला अफू मिळत होती आणि आता बंद झाली, याला डॉक्टर कशाला लागतो? प्रश्न एकच: देत कोण होतं? म्हातारीनं भंडारा उचलला, म्हणजे ती नव्हे. आणि बिराप्पा कोसळला त्याच दिवशी कोण गायब झालं? नानासो! चुलतभावाच्या लग्नासाठी पलूसला गेलेला. त्याच्याऐवजी दुसराच माणूस बाटली घेऊन येत होता.

"शीळ घालतंय म्हनजे काय!" तो बनाबाईला म्हणाला. "बाटलीतनंच देत हुता भाद्दर. लगीन ही नुसती थाप."

"आवं, लग्नाची पत्रिका आपल्याला आलीया. त्या खुंटीला लावलीय बगा."

"छापता येती पत्रिका."

संक्रांत झाली, आणि तारीख आली. आदल्या संध्याकाळी कोंडीबानं आरशापुढं उभं राहून आपलं भाषण म्हणून बघितलं होतं. त्या नाटकातल्या राजाचा हात वर करण्याचा ढंग त्यात कुठून आला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

कोर्ट भरलं. डॉक्टरांनी अहवाल वाचला. आरोपीला मध्यंतरी पुन्हा त्रास झाला, त्याचं कारण सांगता येत नाही. आता लक्षणं गेली आहेत.

वकीलसाहेब हेच शोधत होते. "कारण सांगता येत नाही, साहेब! कारण उघड आहे. कोर्टाच्या हुकमाखाली तुरुंगात अफू चालू होती. याला सक्तमजुरीच द्यावी. हवालदाराला विचारावं."

मगदूम साहेबांनी कोंडीबाकडं बघितलं. कोंडीबा पुढं झाला, हात वर केला आणि बोट रोखलं. "साहेब, आफू देनारा ह्यो! कंपाउंडर!"

लग्नाहून परतलेल्या नानासोच्या हातातली पिशवी खाली पडली. "मी? हवालदार, तुम्ही तर बाटलीची चव घेतली होती की!"

लोक हसले. साहेबांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. या गलबल्यात बिराप्पाच्या खांद्यावरचं घोंगडं घसरलं. थंडीनं का भीतीनं, तो कापत होता. मागच्या भिंतीशी उभी असलेली राहीबाई पुढं आली, कुणाला विचारायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं, आणि घोंगडं उचलून त्याच्या खांद्यावर टाकायला लागली. हात घोंगड्याला लागला आणि तिथंच थबकला. तिनं ते चोळून बघितलं. मऊ. फडक्यासारखं मऊ.

"बिरा," ती म्हणाली, "हे धुतलंस व्हय रं?"

बिराप्पानं मान खाली घातली.

म्हातारी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तोंड न झाकता, आवाज न काढता, नुसतं पाणी गालावरून हनुवटीवर.

कोंडीबा तिच्याकडं बघत राहिला. सवयीनं त्याची नजर कनात शोधायला लागली. आणि मग एकदम त्याच्या डोळ्यांपुढं हौदावरचं ते चिकट गढूळ पाणी आलं. भाकरीत नाही, कालवणात नाही, तांब्याच्या पाण्यात नाही. त्यानं विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर तिनं दिलं होतं. घोंगड्याचं त्यानं विचारलंच नव्हतं.

"घोंगडं धुतलं म्हणून रडता?" मगदूम साहेबांनी विचारलं.

राहीबाईनं कनवटीची पुरचुंडी काढली आणि साहेबांच्या टेबलाच्या कडेला ठेवली.

"हात लावीत न्हाई आता ह्याला. एकदा उचलला आन् देवाला गंडवलं. सायब, घोंगड्याला खळ संगर देतुया, घोंगडी इननारा. मी ते संगराकडनं कोरं आनलं आन् खळ घरला दिली. ह्येनं गाडग्यात दडवून ठेवल्याली आफू खळीत कालवली." ती श्वास घ्यायला थांबली. "तुमचं औषिद ह्येला मारनार आसं वाटलं मला. पोरगं भिताडाला पाठ घासत हुतं, सायब. कोन आई बगंल?"



बिराप्पा पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "आव्वाला काय बोलू नगा. दशी तोंडात धरली आन् मला कळलं. मी चोखत ऱ्हायलो, खोटं कशाला बोलू. मग दारात तिनं माज्यापायी भंडारा उचलला. मेंढरं पणाला लावली. म्हनलं, बिरोबाफुडं आमची आव्वा खोटी पडनार, ती माज्यामुळं." त्यानं घोंगड्याचं टोक मुठीत धरलं. "म्हनून धुतलं."

वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले. "साहेब, मग हा तर दुसरा गुन्हा झाला. म्हातारीनं तुरुंगात अफू—"

"बाईंनी शपथेवर साक्ष दिलेली नाही," मगदूम साहेब म्हणाले. मग वळले. "हवालदार, घोंगडं आत जाताना तुम्ही तपासलं होतं?"

कोंडीबा ताठ उभा होता. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो हा क्षण. कनात उचलली गेली होती, आत सगळं दिसत होतं; बोट दाखवायचं, की काम फत्ते. त्यानं राहीबाईकडं बघितलं. ती अजून फरशीवरच होती. एका हातानं तिनं घोंगड्याची दशी घट्ट धरली होती, आणि दुसरं टोक बिराप्पाच्या मुठीत होतं.

"तपासलं, साहेब."

"अफू सापडली?"

"न्हाई, साहेब."

"आता आहे त्यात?"

"आता तर खळबी न्हाई."

"तुम्हाला संशय?"

"साहेब," कोंडीबा म्हणाला, "संशय मला घरच्या भरल्या वांग्याचाबी येतो. त्याला पुरावा म्हनत न्हाईत."

मगदूम साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. डॉक्टरांना विचारलं, "आज हा बरा आहे?"

"आज आहे, साहेब. उद्याचं मी सांगू शकत नाही."

"उद्याचं कुणीच सांगू शकत नाही," असं म्हणून त्यांनी बिराप्पाला बाँडवर सोडलं. दर बाजारच्या दिवशी यायचं, दवाखान्यात दाखवायचं, सब-जेलच्या दारात हजेरी द्यायची. राहीबाईला म्हणाले, "बाई, यापुढं खळ संगरालाच देऊ द्या." आणि उठता उठता वकीलसाहेबांकडं बघून हसले. "तुम्ही विचारलं होतं, अधिकार कुठल्या कलमात आहे. मला अजून सापडलेलं नाही. शोधतोय."

बाहेर नानासो सायकलला टेकून उभा होता. शीळ बंद. कोंडीबा त्याच्यापाशी जाऊन थांबला आणि म्हणाला, "लगीन झालं का चांगलं?"

"झालं की," नानासो म्हणाला. "चला, चहा घेऊ. आधी तुम्ही चव घ्या, मग मी पितो."

पुढच्या बाजारच्या दिवशी मायलेक आले. बिराप्पा दवाखान्यातून येऊन दारात उभा राहिला. वाळला होता, पण नजर स्थिर होती. कोंडीबानं त्याची झडती घेतली. ती कुणालाच चुकत नव्हती. राहीबाईच्या डोक्यावर पाटीत एक गाडगं होतं, आणि खांद्यावर ते धुतलेलं घोंगडं.

"संगराकडं गेलो न्हाई, बाबा," ती म्हणाली. "सायब म्हनला खरा. पर तुज्यासमोर द्यावी म्हनलं. मग तुजं मन निवंल."

गाडग्यात चिंचोक्याची खळ होती, करड्या रंगाची, कोमट. कोंडीबानं इकडं तिकडं बघितलं. बोट बुडवलं. चाटलं. जिभेवर घोळवलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"आळनी हाय," तो शेवटी म्हणाला.

"खळीत मीठ घालत न्हाईत, हवालदारा."

मग चौकात उन्हात घोंगडं पसरायचं ठरलं. एक टोक बिराप्पानं ओढून धरलं. दुसरं धरायला कुणी नव्हतं. कोंडीबानं टोपी काढून हौदाच्या कडेला ठेवली, बाह्या वर सारल्या आणि दुसरं टोक धरलं. राहीबाई वाकून मुठीमुठीनं खळ घेऊन घोंगड्यावर थापत, चोळत या टोकाकडून त्या टोकाकडं निघाली.

तेवढ्यात डबा घेऊन बनाबाई आली आणि दारातच थबकली. नवऱ्याला असं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"आवं, हे काय चाललंय?"

"पहारा," कोंडीबा म्हणाला. "डब्यात काय हाय?"

"भरली वांगी."

कोंडीबानं डब्याकडं बघितलं. दोन्ही हात गुंतलेले होते आणि घोंगडं सोडलं असतं तर खळ फरशीवर सांडली असती.

"ठेव तितं," तो म्हणाला. "हात मोकळं झालं की बगतो."